राजा लिअर, नटसम्राट आणि बक्षीसपत्र

‘नटसम्राट’ म्हणजे मराठीतला ‘किंग लिअर’, हे विधान आपल्याकडे इतक्या वेळा केले गेले आहे की ते कितपत खरे आहे ह्याची चौकशी करण्याचे सहसा कोणी मनावर घेत नाही. विधान अर्धे खरे आहे, आणि नाटकाच्या अभ्यासकाला अर्ध्या खऱ्याइतके उपयुक्त दुसरे काही नसते. कारण जिथे दोन कृती एकमेकींपासून दूर जाऊ लागतात तिथेच प्रत्येकीचे अंतरंग उघडे पडू लागते. आजच्या ह्या भाषणात वार्धक्य आणि कुटुंबाची मोडतोड ह्या एकाच विषयावरची ही दोन नाटके शेजारी शेजारी ठेवून वाचावीत असा माझा विचार आहे. मी साहित्याची पदवी घेतली खरी, पण पोटासाठी सरकारी नोकरी पत्करली. त्यामुळे वाचताना माझे लक्ष काव्याच्या जोडीने कागदपत्रांकडेही जाते. श्रोत्यांनी ही खोड सांभाळून घ्यावी.

आधी थोडा इतिहास. शेक्सपिअरचे हे नाटक २६ डिसेंबर १६०६ रोजी पहिल्या जेम्स राजासमोर व्हाइटहॉलच्या राजवाड्यात झाल्याची नोंद आहे. आपल्याकडे शंकर मोरो रानडे ह्यांनी १८८१ साली ‘अतिपीडचरित’ ह्या नावाने त्याला मराठी पेहराव चढवला. नाव आज कानाला विचित्र वाटते, पण त्या काळच्या रूपांतरकाराला राजाच्या दुःखाचे मोजमाप शीर्षकातच देऊन टाकावेसे वाटले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पुढे आचार्य अत्रे ह्यांनी ‘सम्राट सिंह’ लिहिले. नानासाहेब फाटक ह्यांना लिअरची भूमिका करण्याची इच्छा होती, आणि त्यांच्यासाठी भाषांतर करावे ह्या विचारातून वि. वा. शिरवाडकर ह्या नाटकाकडे वळले. परंतु भाषांतर बाजूला राहिले आणि निराळेच नाटक जन्माला आले. ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग धी गोवा हिंदु असोसिएशनने २३ डिसेंबर १९७० रोजी केला. दिग्दर्शक होते पुरुषोत्तम दारव्हेकर आणि गणपतराव बेलवलकरांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. चार वर्षांनी, १९७४ मध्ये, ह्याच नाटकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी विंदा करंदीकरांचे ‘राजा लिअर’ हे मूळ नाटकाशी इमान राखणारे भाषांतरही प्रसिद्ध झाले. म्हणजे मराठी वाचकाच्या हाती आज दोन्ही ग्रंथ आहेत. अभ्यासाला ह्याहून अधिक सामग्री लागत नाही.

मी हे बेंगळुरूत बसून लिहितो आहे, म्हणून ह्या नगरीचे एक ऋण सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. कानडीत लिअरला आणणाऱ्यांत दोन नावे ठळक आहेत. एक एम. एस. पुट्टण्णा, त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्या नाटकावरून ‘हेमचंद्रराज विलास’ रचले. दुसरे मास्ती वेंकटेश अय्यंगार. त्यांनी ‘लिअर महाराज’ ह्या नावाने भाषांतर केले. पुट्टण्णा म्हैसूर संस्थानात अमलदार होते आणि मास्ती म्हैसूर सिव्हिल सर्व्हिसमध्ये, इंग्रजी साहित्याचे एम. ए. जमाबंदी, वतने, वारसांचे तंटे ह्यांत ज्यांचा दिवस जाई अशा दोन माणसांना एका म्हाताऱ्याने केलेल्या वाटणीची गोष्ट आपल्या भाषेत आणावीशी वाटली, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. आणि वाटणीचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो की, बेंगळुरू ही शहाजीराजांची जहागीर. तिच्यासह कर्नाटकातील मिळकतीवरून शिवाजीमहाराज आणि व्यंकोजीराजे ह्या भावांत १६७७ साली जो वाद झाला, त्याच्या तडजोडीत बेंगळुरू व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई ह्यांना चोळीबांगडीसाठी देण्याचे ठरले होते. ह्या मातीला वाटण्यांची सवय फार जुनी आहे.

शेक्सपिअरने ही कथा स्वतः रचलेली नव्हे. जुन्या ब्रिटिश बखरींत ती होतीच, आणि १६०५ साली ‘किंग लिअर’ ह्याच राजावरचे एक आधीचे नाटक छापून निघाले होते. त्या नाटकात राजाला शेवटी राज्य परत मिळते आणि धाकटी मुलगी जिवंत राहते. पण बखरींपेक्षाही मला रस वाटतो तो एका खऱ्या प्रकरणात. ब्रायन ॲनस्ली नावाचे एलिझाबेथ राणीच्या पदरचे एक वृद्ध सेवक केंट परगण्यात राहत. त्यांना तीन मुली. १६०३ साली थोरलीने आणि तिच्या नवऱ्याने बापाला भ्रमिष्ट ठरवून त्याची मालमत्ता ताब्यात घेण्याचा घाट घातला. तेव्हा धाकटीने राजमंत्री सेसिल ह्यांना पत्र लिहून बापाची बाजू घेतली. ह्या धाकट्या मुलीचे नाव कॉर्डेल. पुढल्या वर्षी म्हातारा वारला, मृत्युपत्रावरून तंटा झाला आणि मृत्युपत्र धाकटीच्या बाजूने कायम झाले. शेक्सपिअरला हे ठाऊक होते की नव्हते ह्यावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. माझ्या मते तो मुद्दा गौण होय. लंडनच्या प्रेक्षकांत असे कज्जे ऐकलेले, भोगलेले लोक बसलेले होते, एवढे पुरे आहे. त्या देशात वृद्ध शेतकऱ्याने जमीन मुलाच्या हवाली करताना धान्य किती, सरपण किती, चुलीजवळची खोली कोणती, हे सारे लिहून घेण्याचा प्रघात मध्ययुगापासून होता. प्रेमावर त्यांचा विश्वास नव्हता असे नव्हे. पण विश्वासाला ते साक्षीदार जोडून ठेवीत.

आता पहिल्या प्रवेशाकडे येऊ. लिअर ऐंशी ओलांडलेला आहे. तो राज्याचे तीन भाग करतो आणि मुलींना विचारतो की माझ्यावर तुमचे प्रेम किती? ही प्रेमाची परीक्षा सर्वांना आठवते, शाळकरी मुलांनाही. थोरल्या गॉनरिल आणि रीगन गोड बोलतात, धाकटी कॉर्डीलिया बोलत नाही, आणि राजा संतापून तिला निराधार करतो. ह्या गदारोळात एक बारीक गोष्ट वाचकाच्या नजरेतून निसटते. राज्य देताना लिअरने अट घातलेली आहे! राजा ही पदवी मी ठेवीन, माझ्यासोबत शंभर सरदार राहतील, त्यांचा खर्च तुम्ही सोसायचा, आणि मी एकेक महिना आळीपाळीने दोघींकडे राहीन, असे तो भर दरबारात, सर्व साक्षीदारांसमक्ष जाहीर करतो. अविचारी म्हणून ज्याची आपण कीव करतो तो म्हातारा व्यवहाराला अगदीच कच्चा नव्हता.

गणपतराव बेलवलकर मात्र काहीच ठेवीत नाहीत. रंगभूमीवरून निवृत्त झालेला हा नट आपली सारी मिळकत मुलगा आणि मुलगी ह्यांना वाटून टाकतो. तो कोणाला प्रेमाचा पुरावा मागत नाही, अट घालत नाही, साक्षीदार बोलावत नाही. समोरचे ताट द्यावे, पण बसायचा पाट देऊ नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. बेलवलकरांनी ताटासह पाट देऊन टाकला. लिअरच्या दानात अहंकार आहे; बेलवलकरांच्या दानात आहे ती नटाची ऐट, रंगमंचावर शेकडो वेळा राज्ये उधळून दिलेल्या माणसाची सवय. नाटकातला राजा पडदा पडला की घरी जातो आणि त्याचे घर जागेवर असते. ह्या वेळी पडदा पडत नाही, इतकाच फरक.

हा भेद केवळ वाङ्मयीन नाही. आपल्या देशात २००७ साली आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या चरितार्थासाठी व कल्याणासाठी अधिनियम झाला. त्याचे कलम २३ असे सांगते की, साठ वर्षांवरील व्यक्तीने आपली मालमत्ता बक्षीसपत्राने किंवा अन्य रीतीने कोणाला दिली, आणि घेणाऱ्याने आपल्या मूलभूत गरजा भागवाव्यात ह्या अटीवर दिली, व पुढे त्याने त्या भागवल्या नाहीत, तर ते हस्तांतर कपटाने किंवा दडपणाने झाले असे मानावे आणि देणाऱ्याची इच्छा असल्यास न्यायाधिकरणाने ते रद्द ठरवावे. ह्या कलमातला सारा जीव ‘अटीवर’ ह्या शब्दात आहे. अट होती हे दाखवता आले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितले. जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या निर्णयात, हा कायदा वृद्धांच्या हितासाठी आहे, तेव्हा त्याचा अर्थ उदारपणे लावावा, असे त्याच न्यायालयाने म्हटले. मात्र त्या प्रकरणातही मुलाने सांभाळ करण्याचे लेखी वचन दिल्याचा कागद पुढे आलेला होता.

कर्नाटकात हे न्यायाधिकरण उपविभागाच्या असिस्टंट कमिशनरपुढे चालते आणि अपील डेप्युटी कमिशनरकडे जाते. समजा, एके सकाळी लिअर आणि बेलवलकर दोघेही तिथे अर्ज घेऊन आले. लिअरचे प्रकरण सोपे आहे. अट होती, ती सर्वांसमक्ष होती, केंटसारखा साक्षीदार आहे, भंग उघड आहे. हस्तांतर रद्द होईल आणि राज्य परत मिळेल. बेलवलकरांच्या अर्जाचे काय करायचे? अधिकारी विचारील, आपण देताना काही अट घातली होती का? आणि तो थोर नट ताठ मानेने सांगेल की मी माझ्या लेकरांना दिले, अट कसली घालायची? ह्या उत्तराबरोबर त्याचा अर्ज डळमळीत होतो. जो अधिक निर्मळ मनाने देतो तो कायद्यासमोर अधिक दुबळा ठरतो. कार्यालयातल्या कोणालाही ह्याचे नवल वाटत नाही, आणि मला नेमके त्याचेच नवल वाटत आले आहे.

बेंगळुरूसारख्या शहरात तर बक्षीसपत्राचाही प्रश्न उरत नाही. मुलगा इथे संगणकाच्या नोकरीत असतो. बेळगाव, सांगली किंवा धारवाडचे जुने घर विकले जाते, त्याची रक्कम मुलाच्या फ्लॅटच्या किमतीत मिसळून जाते, आणि आईवडील एका खोलीत राहायला येतात. फ्लॅट मुलाच्या आणि सुनेच्या नावावर, बँकेचा हप्ताही त्यांचाच. अधिनियमातल्या मालमत्तेच्या व्याख्येत जंगम वस्तूही येतात, म्हणून पैसाही येतो. पण तो कोणत्या अटीवर दिला हे सांगणारा चिठोराही नसतो. मागायचा तरी कसा? पोटच्या मुलाकडून कागद लिहून घेणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, अशी आपली समजूत आहे. ह्या समजुतीबद्दल मला आदर आहे. तरीही जे सल्ला विचारतात त्यांना मी कागद करायलाच सांगतो.

आता नाटकाच्या मध्यावर येऊ. दुसऱ्या अंकाच्या शेवटी जो प्रवेश आहे तो माझ्या मते वादळाच्या प्रवेशाहूनही भयंकर आहे, आणि त्यात आहे काय, तर अंकगणित. गॉनरिलने सरदारांची संख्या निम्म्यावर आणली म्हणून लिअर रागावून रीगनकडे येतो. रीगन म्हणते, मी पंचवीस ठेवून घेईन. तेव्हा म्हातारा गॉनरिलकडे वळून म्हणतो की मग मी तुझ्याकडेच येतो, तुझे पन्नास हिच्या पंचविसांच्या दुप्पट, म्हणून तुझे प्रेमही दुप्पट! पहिल्या अंकात ज्याने प्रेम मोजायला घेतले त्याच्यावर आता तेच माप उलटले आहे. मग गॉनरिल विचारते, पंचवीस तरी कशाला? दहा? पाच? आणि रीगन विचारते, एक तरी कशाला? शंभराचे शून्य व्हायला चार-सहा वाक्ये पुरतात, आणि कोणी आवाजदेखील चढवत नाही. दोघी मुली अत्यंत समंजसपणे बोलतात. घरात इतके नोकर आहेत, तेच तुमची सेवा करतील, वेगळ्या माणसांची गरज काय?

ह्या ‘गरज’ शब्दावर लिअर जे बोलतो त्याचा आशय असा आहे की, गरजेचा हिशेब मांडू नका. भिकाऱ्याजवळही एखादी वस्तू गरजेपलीकडची असते, आणि माणसाला गरजेपुरतेच दिले तर त्याच्यात आणि जनावरात अंतर उरत नाही. हे बोलता बोलता तो कोसळतो, वाक्य पुरे करू शकत नाही. मी हे भाषण वाचतो तेव्हा मला अधिनियमातले शब्द आठवतात: मूलभूत सुविधा व मूलभूत शारीरिक गरजा. अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी. चरितार्थाच्या रकमेलाही २००७ च्या अधिनियमाने महिना १०,००० रुपयांची वरची मर्यादा घातली. कायदा ह्यापेक्षा अधिक काय करणार? कायद्याला मोजावेच लागते. परंतु अर्जदार वृद्ध समोर बसून जे सांगतात त्यातले फार थोडे मोजण्याजोगे असते. जेवण मिळत नाही अशी तक्रार क्वचितच असते. जेवायला कोणी हाक मारत नाही, ताट झाकून ठेवलेले असते, अशी असते. टीव्हीचा आवाज कमी करायला सांगतात. नातवाच्या मुंजीच्या पत्रिकेत नाव नव्हते. हे सारे ऐकून अधिकारी आदेशात लिहितो: दरमहा इतके रुपये द्यावेत. दुसरे लिहिण्यासारखे त्याच्याजवळ काही नसते.

बेलवलकरांच्या घरातली भांडणेही अशीच बारीक आहेत. मुलाच्या घरी नातीवर आजोबांच्या बोलण्याचे काय संस्कार होतात ह्यावरून ठिणगी पडते. मुलीच्या घरी पैशांच्या चोरीचा संशय घेतला जातो. राज्य, सैन्य, आंधळे केलेले ग्लॉस्टरचे डोळे, असले काहीच नाही. शिरवाडकरांनी शोकांतिका दिवाणखान्यात आणली, आणि ह्यासाठी त्यांच्यावर अतिभावुकतेचा आरोप झाला. तो आरोप काही जागी खरा आहे. टाळ्यांसाठी थांबलेली स्वगते त्या नाटकात आहेत आणि प्रेक्षक त्यांची वाट पाहत असतात. पण दिवाणखाना निवडण्यात चूक झाली असे मात्र मला वाटत नाही. आपल्याकडे म्हातारी माणसे दिवाणखान्यातच निर्वासित होतात.

अभ्यासकाने इथे एक अवघड काम करायचे असते, ते म्हणजे मुलांची बाजू मांडून पाहणे. १९६२ साली पीटर ब्रुक ह्यांनी इंग्लंडमध्ये पॉल स्कोफील्डला घेऊन जो प्रयोग केला, त्यात लिअरचे सरदार खरोखरीच दंगेखोर दाखवले. ते गॉनरिलच्या घरात बाके उलथतात, भांडी फेकतात. त्या प्रयोगात गॉनरिलची तक्रार प्रेक्षकाला एकदम पटू लागते, आणि हे पटणे फार अस्वस्थ करणारे असते, कारण अन्याय तिच्याकडूनच होणार हेही आपल्याला ठाऊक असते. बेलवलकरांच्या सुनेकडेही असेच पाहावे. आयुष्यभर टाळ्यांच्या कडकडाटात वावरलेला, भारदस्त आवाजाचा, वाटेल तेव्हा हॅम्लेट म्हणू लागणारा सासरा लहान घरात सांभाळणे सोपे नसते. ज्याच्याकडे आता सत्ता नाही पण सवय मात्र सत्तेची आहे, अशा माणसाबरोबर राहण्याचे ओझे बहुधा घरातल्या बाईवर पडते, आणि नाटककार, कथाकार, न्यायाधीश हे सारे तिचीच उलटतपासणी घेतात. मुलगा नंदा बाजूला गप्प उभा असतो. त्याच्या गप्प राहण्यावर कोणी चार शब्द लिहावेत.

दोन्ही नाटकांतला सर्वांत मोठा भेद पात्रांच्या यादीतच आहे. लिअरला पत्नी नाही. ती केव्हाच वारली असावी, तिचा उल्लेखही ओझरता. बेलवलकरांना कावेरी आहे. लिअरला कॉर्डीलिया आहे, टाकून दिल्यावरही परत येणारी. बेलवलकरांना अशी मुलगी नाही. शिरवाडकरांनी मुलीच्या जागी पत्नी आणली, आणि ह्या एका फेरफाराने नाटकाचा गुरुत्वमध्य हलला. लिअरमध्ये प्रश्न आहे क्षमेचा: ज्या मुलीवर अन्याय केला तिच्यासमोर बाप गुडघे टेकतो. ‘नटसम्राट’मध्ये प्रश्न आहे सोबतीचा. जोवर कावेरी आहे तोवर गणपतराव अपमान सोसूनही स्वतःच्या जागी असतात, कारण त्यांची थट्टा, त्यांची मिजास, त्यांची जुनी वाक्ये ऐकणारे एक माणूस घरात आहे. नटाला प्रेक्षक लागतो, आणि चाळीस वर्षे नांदलेली पत्नी हा शेवटचा प्रेक्षक. ती गेल्यावर रस्ता उरतो. बेघर माणसाने घर मागावे असे जे स्वगत अवघ्या महाराष्ट्राला तोंडपाठ आहे, ते छपरासाठी आहेच. पण ज्याच्यापुढे बोलावे असे कोणी उरले नाही म्हणून तो वाऱ्यावादळापुढे बोलतो, हेही ध्यानात घ्यावे.

रस्त्यावर त्यांना आसरा देतो तो बूटपॉलिश करणारा राजा नावाचा पोरगा. नावाची ही गंमत शिरवाडकरांनी मुद्दाम केली असावी. लिअर वादळात वेड्या टॉमला भेटतो, आणि अंगावर धड वस्त्र नसलेल्या त्या माणसाची गाठ पडण्याच्या जरा आधीच, आपण राज्य करीत असताना असल्यांची पुरेशी चिंता केली नाही हे त्याला उमगलेले असते. तो टॉम मुळात सरदाराचा मुलगा एडगर आहे, वेषांतर केलेला. शिरवाडकरांचा राजा खरोखरीच रस्त्यावरचा आहे. ह्या ठिकाणी मराठी नाटक मूळ नाटकाच्या एक पाऊल पुढे गेले आहे, असे माझे मत आहे. इंग्रजीच्या प्राध्यापकांनी रागावू नये.

भाषेविषयी थोडेसे. बेलवलकर संकटात सापडले की जुन्या भूमिकांतली वाक्ये बोलू लागतात. प्रथमवाचनी हा अलंकार वाटतो. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात येते की त्यांच्याजवळ स्वतःची अशी भाषाच फारशी उरलेली नाही. दुःख आले तरी ते ऑथेल्लोचे येते, संशय आला तरी सीझरचा. गणपतराव हे नाव घेताच जुन्या रसिकाला गणपतराव जोशींचा, आगरकरांच्या ‘विकारविलसिता’तला हॅम्लेट आठवतो. मराठी माणसाने शेक्सपिअर शंभर वर्षे पचवला, त्याचा सारा साठा ह्या एका पात्राच्या स्मृतीत आहे. म्हणून ही भूमिका वयापेक्षा आवाजाची आणि श्वासाची परीक्षा घेते. डॉ. लागू पहिल्या प्रयोगाच्या वेळी ४३ वर्षांचे होते. त्यांच्यानंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त ह्यांनी ती केली. २०१६ च्या चित्रपटात नाना पाटेकरांनी केली. म्हातारपण अंगी मुरलेल्या नटाला ती झेपणे कठीण, आणि ज्याला झेपते त्याने म्हातारपण पाहिलेले नसते.

दोन्ही नाटके मोठ्याने वाचावीत अशी माझी सूचना आहे, शक्य असल्यास घरातल्या निरनिराळ्या वयाच्या माणसांनी भूमिका वाटून घेऊन. शहाण्या सुनेने गॉनरिलची भूमिका आपण होऊन मागून घ्यावी आणि आजोबांनी विदूषकाची. विदूषक लिअरला आरंभापासून एकच गोष्ट परोपरीने ऐकवतो आहे की, दिलेस ते दिलेस, आता मुलींना आया करून बसलास. तिसऱ्या अंकानंतर तो नाटकातून नाहीसा होतो आणि त्याचे काय झाले ते शेक्सपिअर सांगत नाही.

राहता राहिला शेवट. हा शेवट लोकांना सोसवलेला नाही. १६८१ साली नेहम टेट नावाच्या लेखकाने तो बदलून लिअरला राज्य परत दिले, कॉर्डीलियाचे एडगरशी लग्न लावले, विदूषक काढूनच टाकला. आणि दीडशे वर्षे इंग्लंडने हेच नाटक आनंदाने पाहिले. डॉक्टर जॉन्सनसारखा कणखर माणूसही कॉर्डीलियाच्या मृत्यूने इतका हादरला होता की पुढे संपादनाचे काम अंगावर येईपर्यंत त्याने ते शेवटचे प्रवेश पुन्हा वाचले नाहीत. तिसरा जॉर्ज राजा भ्रमिष्ट झाला तेव्हा तर १८२० पर्यंत हे नाटक रंगमंचावर येऊ दिले गेले नाही. मॅक्रेडी ह्या नटाने १८३८ मध्ये विदूषकासह मूळ नाटक परत आणले.

आणि मूळ म्हणजे तरी कोणते? १६०८ च्या छापील प्रतीत आणि १६२३ च्या संग्रहात शेवटच्या क्षणांत फरक आहे. जुन्या प्रतीत लिअर आपले काळीज फुटावे अशी याचना करीत मरतो. नंतरच्या प्रतीत तो मेलेल्या मुलीच्या ओठांकडे बोट दाखवतो, पाहा पाहा म्हणतो, ती श्वास घेते आहे असे त्याला वाटते, आणि त्या समजुतीत त्याचा प्राण जातो. कोणता मृत्यू अधिक दुःखाचा, ह्यावर एकमत होत नाही. वाचकाने दोन्ही पाठ समोर ठेवून स्वतः ठरवावे. बेलवलकर मरतात ते एका भूमिकेतून दुसऱ्या भूमिकेत जात. लिअरच्या बाबतीत मात्र दोन्ही पाठांत एक क्षण सारखाच आहे. श्वास कोंडतो म्हणून तो जवळच्या माणसाला आपल्या अंगावरचे एक बटण काढायला सांगतो, आणि ते काढल्यावर त्याचे आभार मानतो. पहिल्या अंकात हाच म्हातारा राज्य वाटत होता आणि आभाराची वाक्ये मुलींकडून वदवून घेत होता.